तात्यांच्या नावामागचं ‘कै.’

माझ्या हातून तात्या वारले, तेव्हा ते साताऱ्याला सोप्यात बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मी सांगलीत विश्रामबागला, एका कचेरीत कारकून. इंटरनेट तेव्हा गावात नुकतंच आलं होतं आणि कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन मी त्यातला तज्ज्ञ झालो होतो (कचेरीत माऊस उजव्या हातानं धरणारा मी एकटाच). त्या भरात मी भावकीची वेबसाईट काढली. सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड. ज्याला जे ठाऊक, त्यानं ते वंशावळीत भरावं. एकत्र कुटुंबात मोरीसुद्धा एकच असते, मग पासवर्ड वेगळे कशाला?

खातं मात्र तात्यांच्या नावावर. लग्नपत्रिका थोरल्यांच्या नावानं निघते, तर वेबसाईट पुतण्याच्या नावानं कशी निघेल? तात्या तेव्हा सांगलीत आले होते. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला संगणकानं प्रश्न विचारला : आईचं माहेरचं नाव काय? तात्यांनी मला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि एका बोटानं उत्तर ठोकलं. गुप्त म्हणजे गुप्त.

पुढं कोयनानगरच्या मेव्हण्यांनी आजोबांच्या फोटोच्या जागी धरणापुढं उभा असलेला स्वतःचा फोटो लावला, म्हणून मी चिडून पासवर्ड बदलला. त्याच बैठकीत टायपिंग वाचवायला आजोबांची ओळ उचलून खाली चिकटवली आणि नाव बदलून तात्यांचं केलं. नाव बदललं, पण नावामागचं ‘कै.’ तसंच राहिलं.

अमेरिकेतल्या चुलत बहिणीनं ते वाचलं आणि साताऱ्याला फोन लावला. फोन तात्यांनी उचलला. ती इतकी रडत होती की तिला आवाजही ओळखू आला नाही. काकूला द्या म्हणाली. तात्यांनी रिसीव्हर काकूंच्या हातात देऊन सांगितलं, कोणीतरी गेलंय वाटतं.

थोड्या वेळानं काकूंचा फोन मला आला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माजं कुंकू तुला एवढं जड झालं व्हय रं?” त्या म्हणाल्या. “परवा वटपुनव हाय. मी वडाला काय मागू? हाय त्यो नवरा की गेलेला? पुनवंच्या आत ते पुसून टाक.”

मी धावत कॅफे गाठला आणि तिथं कळलं की नवा पासवर्ड मला आठवत नाही. स्कूटरचा नंबर टाकला, बायकोचं नाव टाकलं, साहेबांना मनात देतो ती शिवीसुद्धा टाकली. संगणक ढिम्म. शेवटी त्यानं तात्यांच्या आईचं, म्हणजे आजीचं, माहेरचं नाव विचारलं. आजीला जाऊन कैक वर्षं झालेली. मी तात्यांना फोन केला.

“ते फोनवर सांगण्यासारखं न्हाई,” तात्या म्हणाले.

हे काकूंनी पलीकडून ऐकलं. फोनवर सांगता येत नाही असं कसलं नाव, आणि कुणाचं? दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं सांगलीत हजर. वाटेत कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हाही काकू त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या, असं तात्यांनी मला हळूच सांगितलं.

कॅफेत तात्या खुर्चीत बसले आणि आम्हांला तोंड फिरवायला सांगितलं. मी सवयीनं भिंतीकडे वळलो, मान मात्र थोडी तिरकी ठेवली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

“मी न्हाई फिरवत. कोन हाय ती, कळू दे.”

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आईचं म्हायेरचं नाव मला ठावंच न्हाई,” ते म्हणाले. “लगनात बदललं आसंल. कुनी इचारलंच न्हाई कवा तिला. मग रिकामं कसं सोडायचं? तुजं टाकलं.”

“माजं? सुशीला?”

“ते आमच्या घरानं ठेवलेलं. तुजं म्हंजे... यमुना.”

काकूंना त्या नावानं हाक मारणारं माहेरचं एकही माणूस उरलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला. मला भरून आलं आणि भिंतीकडे तोंड असल्याचा फायदा झाला.

तात्यांनी एका बोटानं ‘यमुना’ लिहिलं. पान उघडलं. त्यांच्या जागी बसून मी ‘कै.’ खोडलं आणि काकूंनी ते मला पुन्हापुन्हा वाचून दाखवायला लावलं.

मी उठणार, तेवढ्यात तात्यांना पानाच्या तळाशी काहीतरी दिसलं. तिथं पाहुण्यांना पासवर्डाशिवाय चार शब्द लिहिता येत. सगळ्या भावकीनं तात्यांना श्रद्धांजली वाहिली होती. धरणवाल्या मेव्हण्यांनी तर ‘देवमाणूस’ लिहिलं होतं; समोरासमोर ते तात्यांना रामराम घालत नसत. तात्या एकेक ओळ चवीनं वाचत खाली गेले, परत वर आले.

“सगळ्यांचं हाय. तुजं कुटाय?”

तुम्ही जिवंत आहात हे मला माहीत होतं, असं मी म्हणालो. ते त्यांना पटलं नाही. मी मुकाट्यानं लिहायला बसलो आणि तात्या मागं उभे राहून मजकूर सांगू लागले. शूर, शिस्तीचे, मनमिळाऊ...

“मनमिळाऊ नगं,” काकू म्हणाल्या. “लोकांना खोटं वाटंल.”

मी ते खोडलं.

“लिव्ह,” तात्या म्हणाले, “पुतन्यांवर त्यांनी लय माया केली.”

लिहिलं.

“पुतने मात्र बिनकामाचे निघाले.”

तेही लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव घातलं.