कीबोर्ड पाटावर होता

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी कधी काही मानलं नाही. आठवीत शाळा सोडलेल्या माणसानं असं म्हटलं की लोक हसतात, पण खरंच नाही मानलं. लिहिताना धाकधूक होतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव वाशिमकडचं. इथं सांगलीजवळ कुपवाडला, दरवाजांवर नक्षी कोरणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. मालक आण्णा, मूळचे वाईचे. ओळख ना पाळख, तरी त्यांनी मला ठेवून घेतलं, मशीन शिकू दिलं. हे उपकार फिटायचे नाहीत.

नक्षीचं मशीन लिनक्सवर चालतं, विंडोजसारखीच ती एक सिस्टीम. कॉम्प्युटर लावला की आधी काळ्या पडद्यावर मेनू येतो. पहिली ओळ कामाची, दुसरी दुरुस्तीची. खाली सेकंद उलटे मोजले जातात. कुठलं बटण दाबलं नाही तर पहिली ओळ आपोआप चालू. आण्णा म्हणाले होते, "लावलं की थेट कामाला लागलं पायजे रं, मधी इचारायचं न्हाई." म्हणून त्या ओळीत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, द्यायचा एक पर्याय मी वाढवला होता — लिनक्स उठलं की मशीनचा प्रोग्रॅमही सुरू, आणि लाकूड कोरणारा कटर धावत जाऊन आपल्या कोपऱ्यात थांबणार.

खंडेनवमीची सकाळ. इथं हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात. पाने, पटाशा, हातोड्या... मी कीबोर्डही वायर काढून, पुसून पाटावर ठेवला. पॉलिशवाले सादिकभाई म्हणाले, "कीबोर्डला बी कुंकू? आता एंटर दाबलं की परसाद पडंल बघा!" सगळे हसले.

"मशीनचं दिवं लाव रं," आण्णा म्हणाले. मी मेन स्विच टाकला, सवयीनं कॉम्प्युटरही लावला आणि प्रसादाचं ताट आणायला मागं गेलो.

परत आलो तर आरती रंगात आलेली. आण्णांनी उजवा हात खांद्यापर्यंत मशीनमध्ये घातलेला — कटर जिथं येऊन थांबतो, त्याच कोपऱ्यात फूल खोचत होते. मेनूचे सेकंद कधीच संपले असणार, कटर आता सुटणार.

"आण्णा, हात काढा!"

झांजांत कोण ऐकतंय? धावलो, त्यांना खांद्याला धरून मागं ओढलं.

"आरं, येड लागलं का तुला? परसाद सांडलास की समदा!"

मी पडद्याकडं बघितलं. एव्हाना लिनक्स उठून कटर धावायला हवा होता... पण मेनू तसाच उभा. सेकंद थांबलेले. आणि निवडलेली ओळ दाखवणारी पट्टी दुसऱ्या ओळीवर, दुरुस्तीच्या.

पट्टी हलते ती बाणाचं बटण दाबल्यावर. त्या मेनूत माऊस चालत नाही. आणि कीबोर्ड पाटावर, हळदीकुंकवात. पडद्याशेजारी सादिकभाई उभे होते, त्यांना विचारलं. "आवं, मी हात जोडून हुतो की! कशाला हात लावू?"

साताऱ्याचा एक ओळखीचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो म्हणाला, लूज कनेक्शन असेल. पण कशाचं, ते त्यालाही सांगता येईना. मी कीबोर्ड काढून कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. दरवेळी सेकंद संपतात आणि कटर धावत येतो. एकदाही थांबला नाही.

शेवटी आण्णाच म्हणाले, "पुरं कर आता. एकदा थांबलं ते थांबलं. दर बारीला थांबंल व्हय?"

आता मी सेकंदांची मोजणीच बंद केलीय. एंटर दाबल्याशिवाय काही सुरू होत नाही. दुपारी जेवायला बसलो की आण्णा भाकरी मोडून माझ्या ताटात टाकतात. त्याच उजव्या हातानं. मी त्या हाताकडं बघत राहतो.