सारवलेली भिंत

कचेरीत शिरताना ती आधी आमच्या भिंतीवर तळहात मारायची. दोनदा. मग म्हणायची, "सरकारची भिंत पक्की हाय. माज्याच भिंतीला पोट आलंय."

पौडच्या कचेरीत मी तेव्हा नवा कारकून होतो. एकट्या विधवांना पडक्या घराच्या दुरुस्तीसाठी सरकार मदत देई आणि त्या अर्जांची पाहणी माझ्याकडे होती. ही म्हातारी माले गावाच्या वरच्या अंगाला चार शेळ्या घेऊन एकटी राहायची.

"आजी, बसा."

"बसून भिंत उबी ऱ्हाती व्हय?"

आणि दारात येरझारा चालू. पाऊस महिन्यावर आलेला. तिच्या त्या फेऱ्या बघून मलाही खुर्चीत चैन पडेना.

नियमाप्रमाणे मी निरोप धाडला, सोमवारी पाहणीला येतो. घोळ झाला तो इथेच. तुम्ही खेड्यातले असाल तर ओळखलंच असेल. पाहणीचा साहेब म्हणजे तिच्या लेखी पाहुणा! मी गेलो तर घर आतून-बाहेरून सारवलेलं, भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली, खाली घोंगडी अंथरलेली. त्याच भिंतीला टेकून मी शेळीच्या दुधाचा चहा प्यालो.

"पडझड कुठं आहे, आजी?"

"हाय त्ये बरं हाय. तुमी आदी चा घ्या."

मी शहाण्याने लिहिलं, भिंत शाबूत.

आठवड्याने ती पुन्हा दारात हजर. अहवाल वाचून दाखवला तशी ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आवं, पाव्हना येनार म्हनल्यावर त्याला चिरा दावायच्या व्हय? वरनं नुस्तं लिपलंय त्ये!"

मी कपाळावर हात मारून घेतला. त्याच दुपारी नवा अहवाल पाठवला आणि तिला म्हणालो, "आजी, मंजुरी आली की कागद घेऊन मी स्वतः येतो." मग रोज टपालाची वाट बघणं आलं. जेवणसुद्धा गोड लागेना.

मंजुरी आली तेव्हा पाऊस लागून आठ दिवस झाले होते. कागद सदऱ्याच्या आत धरून मी भिजत माल्याला धावलो.

घर नव्हतंच. मातीचा ढिगारा होता आणि शेजारच्या पडवीत तिच्या शेळ्या बांधलेल्या होत्या.

"काल सकाळी भिंत आंगावर आली, त्यातच गेली म्हातारी," शेजारीण म्हणाली. "तुमी कागद घिऊन येनार म्हनून पावसातबी रोज लिपत व्हती. लई सांगितलं, आयकलं न्हाई."

 ढिगाऱ्याशी तिचं कालवलेल्या मातीचं घमेलं तसंच पडलं होतं.