हरभऱ्याएवढी ग्रंथी

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलची पंच. कोल्हापुरात फुटबॉलचा पंच होणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, गच्च भरलेली गॅलरी, आणि एखादी पेनल्टी दिली की सात पिढ्यांचा उद्धार. त्यात मी बाईमाणूस. पहिल्या वर्षी गॅलरीतून कुणीतरी ओरडलं होतं, "वैनी, घरला जावा, चहा टाका!" पुढच्या हंगामात तिथूनच "वैनी, ऑफसाइड बघा की!" अशी हाक आली, तेव्हा मी घरी जाताना पेढे घेऊन गेले.

त्यानंतरच्या जानेवारीत माझा अपघात झाला. माहेरी, हातकणंगल्याला गेले होते. दुपारी स्कूटरवरून परत येताना शिरोलीजवळ रस्त्याच्या कडेला फौंड्रीची काळी वाळू सांडलेली होती. समोरून ट्रक आला म्हणून मी कडेला घेतलं आणि गाडी घसरली. हेल्मेट होतं म्हणून जगले. पुढचं मला आठवत नाही. नवरा शिरोलीतच एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. पाळी सुटून घरी निघालेल्या त्याच्याच कामगारांनी मला ओळखलं, टेम्पोत घातलं आणि दवाखान्यात पोचवलं.

मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन लागलं नाही. काही दिवस अतिदक्षता विभागात, काही दिवस वॉर्डात, मग घरी. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "थोडक्यात वाचलीस." मलाही तसंच वाटत होतं. डोक्याची जखम भरली, चक्कर थांबली, मार्चमध्ये मी शाळेत रुजूही झाले.

आणि तिथून मी उतरणीला लागले.

सकाळी अंथरुणातून उठणं हेच मोठं काम होऊन बसलं. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. जेवणावरची वासना गेली, पाळी येईनाशी झाली. मुलं मैदानाला फेऱ्या मारायची आणि मी कडेला खुर्ची टाकून बसायची. माझा आवाज पूर्वी दुसऱ्या टोकाच्या गोलकीपरपर्यंत जायचा. तो असा घोगरा झाला की वर्गात हजेरी घेतानाही मुलं "काय मॅडम?" म्हणून परत विचारायची. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइडही पाहिलं. सगळं ठीक आलं. "मोठ्या आजारातून उठलाय, वेळ लागणार," ते म्हणाले.

आता आत्यांबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मिरची-मसाल्याची चटणी कांडायचं यंत्र आहे. एप्रिल म्हणजे त्यांचा हंगाम. आख्खी गल्ली शिंकत असते, यंत्र तापलेलं असतं, बाया डबे घेऊन ओळीत बसलेल्या असतात. त्या एप्रिलात मी त्या यंत्राजवळ स्वेटर घालून बसायची, ऊब लागावी म्हणून. एक शेजारीण बघून म्हणाली, "सुनेला लई लाडावलंय तुम्ही. काम नको म्हणून सोंग हाय सगळं."

आत्यांनी यंत्र बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं.

"माझी सून उन्हातान्हात बाविसांच्या मागं पळती. तिला सोंग करायचं असतं तर कवाच केलं असतं. तुझी चटणी झालीया. घे नि जा."

पुढच्या तपासणीला नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आत्याच माझ्याबरोबर आल्या. मेंदूच्या डॉक्टरांनी स्कॅन प्रकाशात धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "अगदी स्वच्छ आहे. अशा अपघातानंतर मन थोडं खचतं. मी गोळ्या लिहून देतो."

आत्या म्हणाल्या, "मनाचं असंल तर असू दे, डॉक्टर. पर मनाला एप्रिलमधी थंडी वाजती व्हय?"

डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवला आणि माझ्याकडे पुन्हा पाहिलं. स्वेटर, कोरडे हात, सुजल्यासारखा चेहरा. पाळीबद्दल विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "खालच्या मजल्यावर एक मॅडम आहेत. डोक्याला मार लागलेल्या लोकांच्या ग्रंथींवर त्यांचा अभ्यास चालू आहे. आत्ताच त्यांना भेटून जा."

मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी समोरच्या कागदावर डोक्याचं चित्र काढलं आणि मेंदूच्या बुडाशी एक टिंब दिलं. "ही पिट्यूटरी. हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते. पण थायरॉइड, अॅड्रिनल, बीजकोश, सगळ्यांना हुकूम हीच देते. डोक्याला मार लागला की कधी कधी हिला दुखापत होते, आणि ती स्कॅनमध्ये दिसतेच असं नाही. अशी माणसं नुसती थकलेली दिसतात. किती जणांना असं होतं आणि त्यातले किती आपोआप बरे होतात, तेच आम्ही शोधतोय."

"म्हंजी माझ्या सुनेवर प्रयोग करणार तुम्ही?" आत्यांनी सरळ विचारलं.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची आत्यांच्या बाजूला ओढली. "नवं औषध काही नाही, आत्या. तपासण्या करायच्या, आणि दोष सापडला तर जे औषध जगभर देतात तेच द्यायचं. यांची माहिती नाव काढून आमच्या अभ्यासात जाईल. नको म्हणालात तरी इथले उपचार थांबणार नाहीत. आणि मधेच सोडावंसं वाटलं तर कारणही सांगावं लागणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सही तुमची लागेल. घरी नेऊन वाचा, नवऱ्याशी बोला."

मी तिथेच सही केली. फार विचार करून केली असं म्हणणार नाही. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्याच शरीराची गोष्ट सांगत होतं, आणि ती मला पटत होती.

तपासणीला सकाळी उपाशीपोटी जायचं होतं. हातात सुई बसवून आधी रक्त घेतलं, मग एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा रक्त घेत राहिले. त्या इंजेक्शनने माझ्या अॅड्रिनल ग्रंथी जाग्या व्हायला हव्या होत्या. त्या जेमतेम हलल्या. मॅडमनी निकाल सांगायला दोघींनाही बसवून घेतलं. पिट्यूटरी नीट हुकूमच देत नव्हती, म्हणून त्या सुस्तावल्या होत्या. अॅड्रिनलमधून येणारं कॉर्टिसॉल फार कमी होतं, थायरॉइडचं संप्रेरकही कमी. मी विचारलं, मग आधीच्या तपासणीत थायरॉइड ठीक कसं आलं? त्या म्हणाल्या, "त्या वेळी वरून जाणारा हुकूम तेवढा मोजला होता. तो आकडा बरा दिसला, पण त्या हुकमात जोर नाही. खाली कामच होत नाहीये, ते वेगळं मोजावं लागतं."

आधी कॉर्टिसॉलची गोळी, आणि ती अंगी लागल्यावरच थायरॉइडची, असा क्रम त्यांनी तीनतीनदा बजावला. उलट केलं तर जिवावर बेतू शकतं. ताप आला तर गोळी दुप्पट, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना, आणि पर्समध्ये कायम आजार आणि औषध लिहिलेलं एक कार्ड.

गोळी सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. दुपारी आम्ही जेवत होतो. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. माझी भाकरी संपली आणि मी म्हणाले, "आत्या, अजून एक आहे का?"

आत्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. उठून आत गेल्या. परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला. गरम भाकरी माझ्या ताटात टाकून त्या शेजारी बसल्या आणि मी शेवटचा तुकडा खाईपर्यंत बघत राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "खर्डा लई झणझणीत झालाय." त्यांनी खर्ड्याला हातही लावला नव्हता.

पुढचे महिने हळूहळू गेले, पण वर वर गेले. पाळी परत आली. आवाज परत आला. तो परत आल्याचं मला शाळेतल्या शिपायांनी सांगितलं, कारण माझी हाक त्यांना गेटवर ऐकू गेली होती. पहाटे मैदानावर आधी चालायला लागले, मग पळायला. अभ्यासासाठी ठरलेल्या दिवशी रक्त द्यायला जायची. मॅडम प्रत्येक वेळी गोळ्या काही काळ थांबवता येतात का ते पाहायच्या. थायरॉइडची गोळी पुढे खरोखरच सुटली. दुसरी चालू आहे, बहुधा जन्मभर राहील. मला त्याचं काही वाटत नाही. चष्मा लावतो तशी गोळी घेते.

त्याच दवाखान्यात एकदा नेसरीकडचे एक पाहुणे भेटले; आमच्याकडे अनोळखी माणसालाही पाहुणेच म्हणतात. उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडले होते. मॅडम समजावत होत्या आणि ते नाही म्हणून मान हलवत होते. "माझं रगत घिऊन तुमी काय करणार? न्हाय जमायचं." बायको कोपऱ्यात उभी होती. मॅडमनी मला विचारलं, बोलाल का यांच्याशी? पण आग्रह करू नका म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ बसले आणि मला काय झालं होतं तेवढं सांगितलं. स्वेटर, खुर्ची, आवाज. ते ऐकत राहिले. "म्हंजी माणूस आळशी वाटतोय, पर आत बिघाड असतोय?" "असू शकतो," मी म्हणाले, "नसूही शकतो. बघितल्याशिवाय कसं कळणार?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "करून टाका की."

त्यांची तपासणी झाली आणि सगळं उत्तम निघालं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यावर चिडणार. पण मॅडमनी त्यांना सांगितलं की ज्यांची ग्रंथी शाबूत राहिली त्यांचा आकडाही तितकाच लागतो, त्याशिवाय तुलना कशाशी करणार? पाहुणे खुर्चीत ताठ बसले. "म्हंजी मी बी कामाला आलो की!" बाहेर पडताना त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकवलं.

पुढच्या हंगामाआधी पंचांची पळण्याची चाचणी झाली. मी पास झाले. पहिली नाही आले, मधोमध कुठेतरी आले. पण माझ्यामागे दोन तरुण पुरुष पंच होते, हे मी सगळ्यांना सांगते. पहिल्या सामन्याला उतरले तेव्हा गॅलरीत कुणाला काही ठाऊक नव्हतं. पूर्वार्धातच मी एका नावाजलेल्या खेळाडूला पिवळं कार्ड दाखवलं आणि त्याच्या तालमीने माझा असा काही उद्धार केला की माझा ऊर भरून आला. आजारी माणसाला कोण एवढ्या शिव्या देतं? घामाने भिजलेला शर्ट पाठीला चिकटला होता. मी शिट्टी वाजवली आणि खेळ पुढे सुरू केला.

गेल्या वर्षी मॅडमनी आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष डॉक्टरांच्या एका सभेत मांडले. मला आणि आत्यांनाही बोलावलं होतं. पडद्यावर रेषा आणि ठिपके होते. कुणाचंही नाव नव्हतं, पण मॅडम त्या ठिपक्यांना ठिपके म्हणत नव्हत्या, "ही माणसं" म्हणत होत्या. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी उठून सांगितलं की आता त्यांच्याकडे डोक्याला मोठा मार लागलेल्या प्रत्येकाच्या फेरतपासणीत ग्रंथींचीही चाचणी होते. त्या दिवशी मला वाटलं, एखादी ट्रॉफी माझ्याही हातात आहे, फक्त ती पुष्कळ जणांनी मिळून धरलेली आहे.

मग एका तरुण डॉक्टरने विचारलं, इथे आलेल्यांपैकी कुणी स्वतःचा अनुभव सांगेल का? मी उठले. माझ्या हातात माईक दिला. मी मराठीतच बोलले, शाळेत बोलते तशी. एवढंच सांगितलं की पेशंट थकलोय म्हणाला तर त्याला अजून एक प्रश्न विचारा, आणि त्याच्या घरच्यांनाही विचारा. टाळ्या झाल्या. मॅडम पुढच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

मी खाली येऊन बसले. आत्यांनी पदर सावरला, इकडेतिकडे सगळे आपल्याकडे बघतायत याची खात्री करून घेतली आणि मोठ्याने म्हणाल्या, "झ्याक बोललीस. पर माईक कशाला घेतलास? तुला काय गरज हाय त्याची?"