खणीतली ठुशी

लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला मी सासूबाईंची ठुशी पाण्यात सोडली. आमच्याकडं गौर तेरड्याच्या रोपांची. जुडीला साडी नेसवायची, मुखवटा बसवायचा, दागिने घालायचे आणि विसर्जनाला हे सगळं उतरवून नुसती जुडी खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीत, सोडायची. मी सगळं उतरवलं, पानांत रुतलेली ठुशी तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी जुडी काठाला लागलेली सापडली, ठुशी नाही. ती सासूबाईंच्या आईची होती. त्यांनी मला आधी धारेवर धरलं आणि मग बोलणंच टाकलं. माहेरी जायची पिशवी मी भरून ठेवली होती, खोटं कशाला सांगू.

माझा भाऊ जहाजावर नोकरीला. पाण्याखालचा धातू हुडकणारं एक यंत्र त्यानं हौसेनं आणलं होतं, ते मी मागवून घेतलं. एक डबी, एक दांडी, दांडीच्या टोकाला गोल थाळी आणि कानाला हेडफोन. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. ते फौंड्रीत वाळूचे साचे करणारे मोल्डर होते आणि माझ्याशी वर्षभरात दहा वाक्यं बोलले असतील. यंत्र घेऊन ते खणीत छातीभर पाण्यात उतरले आणि तसेच परत आले. हवेनं भरलेली डबी वर उसळी मारायची. एका हातानं ती दाबायची, दुसऱ्यानं दांडी फिरवायची, मग गाळ उपसायला तिसरा हात कुठून आणायचा?

म्हणून मामांनी ते अंगावरच घालायचं ठरवलं. जुन्या ताडपत्रीचा रुंद पट्टा शिवला, डबी छातीवर बांधली, दांडीच्या जागी प्लास्टिकचा पाइप कमरेला अडकवला. कंबर वळवली की थाळी वळायची, दोन्ही हात मोकळे. आता डबी खाली राहायला वजन हवं. फौंड्रीवाल्याला वजन म्हटलं की बीडच, म्हणजे ओतीव लोखंडच आठवणार. त्यांनी पट्ट्याला बिडाचे तुकडे टांगले, अंगणातल्या हौदात उतरले आणि यंत्र कोकलायला लागलं ते थांबेचना. जन्मभर लोखंड ओतलेला माणूस, आपल्याच लोखंडानं फसला. मला हसू आवरेना, पण सासूबाई दारात होत्या.

मामा तुकडे सोडून कामावर गेले. संध्याकाळी साच्याची वाळू घेऊन आले. त्या वाळूतून त्यांनी कितीतरी वेळ लोहचुंबक फिरवला, लोखंडाचा कण म्हणून ठेवला नाही. मग स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांत वाळू ठासली, तोंडं सुतळीनं आवळली. पट्ट्याचं बक्कलसुद्धा काढून तिथं गाठ मारली. हौदात यंत्र गप्प बसलं. माझी बांगडी पाण्यात टाकली तसं बोललं. मी थक्क झाले. वाळू कशी दाबायची, कुठं किती, हे त्या बोटांना इतकं ठाऊक होतं, की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

खणीवर मामांनी एकदा हेडफोन माझ्या कानाला लावले. त्या हिरव्या, गढूळ पाण्याखालून बारीक, जाड, तुटक आवाज येत होते. कुणाकुणाच्या घरचं काय काय तिथं पडलं असेल, कुणास ठाऊक.

शोधाच्या तिसऱ्या दिवशी भाजीच्या प्लास्टिकच्या चाळणीत गाळाबरोबर ठुशी वर आली. मी धावत घरी गेले आणि सासूबाईंना हाताला धरूनच घेऊन आले. त्यांनी ठुशी पदरानं पुसली, कपाळाला लावली. मला वाटलं, आता मामा वर येतील. ते पट्टा आवळून पुन्हा आत निघाले होते. आता काय राहिलं, असं मी विचारलं.

"हिची नथ ऱ्हायलीया की ह्यात," ते पाठमोरेच म्हणाले. "पंचवीस वर्सं झाली. हिच्या पहिल्या गौरीला गेलती."

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. पाण्याकडं बोट करून म्हणाल्या, "त्यास्नी म्हणावं, जरा डावीकडं बघा. त्या फुटक्या पायरीवर उभी हुतो मी."