मढेसर आणि पांढरा ऑइलपेंट

सरांच्या अंगाला वास यायचा. याहून सौम्य शब्द मला सापडत नाहीत आणि शोधायचेही नाहीत. कुजलेल्या मांसाचा वास, त्यावर फिनेल आणि त्यावर स्वस्तातली चंदनी पावडर. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. पोरं त्यांना मढेसर म्हणायची आणि मला त्यात काहीच गैर वाटत नसे.

हायवेवर गाडीखाली आलेलं उदमांजर, मुंगूस, कोल्हा, काहीही मेलेलं दिसलं की सर स्कूटर थांबवत, गोणपाटात मढं भरत आणि कॉलेजात आणत. प्रयोगशाळेमागे एक पिंप होतं. त्यात पाणी भरून जनावर कुजत घालायचं आणि मांस सुटलं की कवटी बाहेर काढायची. तीही उघड्या हाताने, कोपरापर्यंत आत घालून. मग तोच हात, साबणाने धुऊन का असेना, डब्यातल्या घावनावर पडायचा. माझी घावनावरची वासना तिथेच उडाली, ती आजतागायत परत आलेली नाही.

सरळ पुरत का नाही, असं मी एकदा नाकाला ओढणी लावून विचारलं.

"आपल्या तांबड्या मातीत हाड टिकत नाही गो," सर म्हणाले. "म्हणून तर इथे जीवाश्म मिळत नाहीत. आणि ती ओढणी काढ आधी. नाकाने दात दिसत नाहीत."

त्यांच्याकडची एकच वस्तू वासाची नव्हती. प्लास्टरचा बोटभर खालचा जबडा. तरुणपणी परराज्यातल्या एका संग्रहालयात कुणाकुणाचे पाय धरून त्यांनी स्वतः त्याचा साचा घेतला होता. मूळ जबडा काही कोटी वर्षांपूर्वीचा, मांस खाणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या अगदी सुरुवातीच्या पिढ्यांतल्या एका मुंगसाएवढ्या जनावराचा. सर तो उदमांजराच्या जबड्याशेजारी ठेवत. दोन्हींत तीच एक दाढ पात्यासारखी, वरच्या दाढेवर घासून कात्रीगत कापणारी, मधे मांस अडकवायला खाच. त्या काळात दुसरेही मांसाहारी होते, पण त्यांची कात्री जबड्यात आणखी मागे होती आणि तिच्यामागे दळायला जवळजवळ काही उरलं नव्हतं.

"ते नुसतं मांसच खात राहिले आणि संपले," सर म्हणत. "आपल्या उदमांजराच्या घराण्याने मागे दळायच्या दाढा राखल्या. म्हणून ते आज तुझ्या परसातला फणस खातंय."

हे ऐकलं तेव्हा मी ओढणी सोडून त्या खाचेत नख फिरवून पाहिलं होतं. प्राणिशास्त्र घ्यायचं तिथेच ठरलं.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि एका वर्षी तपासणी समिती येणार असं कळलं. प्राचार्यांना स्वच्छतेचा झटका आला. पिंप गेलं, तेव्हा मी मनातून खूश झाले. सर नात्यातल्या एका लग्नासाठी हेदवीला गेले होते. परत आले तेव्हा त्यांचं कवट्यांचं कपाट चकाचक झालं होतं. सगळ्या कवट्यांना फाटकाचा उरलेला पांढरा ऑइलपेंट मारला होता, दातांसकट, दोन-दोन हात. प्लास्टरचा जबडाही सुटला नव्हता. रंग त्यात मुरला होता आणि ती खाच भरून सपाट झाली होती.

"बघा सर, कसं लखलखतंय," प्राचार्य म्हणाले. "वासाचं नाव नाही."

सरांनी जबडा उचलला, अंगठ्याने खाच शोधली, पुन्हा शोधली. मग खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. अळ्यांत हात घालणारा हा माणूस, आणि त्याला उमळून येत होतं.

"कवट्या परत मिळतील गो," ते मला म्हणाले. "हा नाही मिळायचा."

त्या पिंपाची आली नव्हती इतकी शिसारी मला त्या कपाटाची आली. समितीने मात्र नेमकं त्याचंच कौतुक केलं. कौतुक करताना एकाने बशीतला काजू उचलून तोंडात टाकला, तो चावण्याचा आवाजसुद्धा मला सहन होईना.

सर निवृत्त होऊन मुलीकडे गेले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. मुलीकडे जायच्या दिवशी आपलं ते गोणपाट माझ्या गाडीच्या डिकीत टाकून गेले होते. मला हवंय का, हे विचारलंसुद्धा नाही. ते फेकून द्यायचं माझ्याने झालं नाही.

परवा संगमेश्वरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उदमांजर पडलं होतं. फुगलेलं, माश्यांनी काळं झालेलं. मी गाडी थांबवली आणि काटकीने त्याचा ओठ वर केला. कात्री शाबूत होती, मागच्या दाढाही होत्या. बाजूला जाऊन भडाभडा ओकले, तोंड पुसलं आणि डिकी उघडून गोणपाट काढलं.