बोर्डातली बानूबाई

लोणी भापकरच्या बानूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचा शब्द आसपासच्या चार गावांत चालायचा. नवरा सिद्धू मेंढरं राखायचा. कुणाच्या रानात किती दिवस मेंढरं बसवायची आणि त्या खताच्या बदल्यात शेतकऱ्यानं किती ज्वारी द्यायची, ही बोलणी बानूबाई करायची. मेंढरं उभ्या पिकात शिरली, काठ्या निघाल्या, की दोन्हीकडची माणसं तिच्याकडंच यायची.

१९३२ साली सिद्धू पटकीनं गेला. बानूबाईनं मेंढरं विकली आणि माळाखालची घरची जमीन स्वतः कसायला घेतली. शेतसारा तिच्या नावानं जाऊ लागला. तीन वर्षांनी रस्ते-विहिरी बघणाऱ्या तालुका लोकल बोर्डाची निवडणूक आली. तलाठ्यानं चावडीवर मतदारांची यादी वाचली, तर सारा भरणारी म्हणून तिचंही नाव त्यात निघालं.

बानूबाईनं विचारलं, "मत देता येतंय, तर उभं बी ऱ्हाता येतं का?"

तलाठ्यानं कागद चाळले. "येतं. पण इकडं अजून कुठली बाई उभी राहिलेली न्हाय."

"मग माझं नाव घाला."

तिचा दीर महिपती घरी येऊन बोलला, "वैनी, बाप्यांच्या मांडीला मांडी लावून कचेरीत बसणार तुमी?"

"भावजी, मेंढरं पिकात गेली की मलाच पुढं करत होता. तवा समोर बापेच होते की."

महिपती उठून गेला. प्रचाराला तो आला नाही. बानूबाई एकटीच वाड्या-वस्त्या हिंडली. ज्यांची भांडणं तिनं मिटवली होती, त्यांनीच तिला मतं दिली. अकरा मतांनी ती निवडून आली.

बारामतीला बोर्डाच्या पहिल्या सभेत तिनं एकच मागणी केली. धनगरवस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर हवी. बाया कोसभरावरून हंडे आणत होत्या. चैत्रात झऱ्याला वाटीवाटीनं पाणी भरताना अख्खी सकाळ जायची. अध्यक्ष आबाजी म्हणाले, "पुढच्या सभेत बघू." पुढच्या सभेतही तेच झालं. कुणी नाही म्हणत नव्हतं आणि ठराव काही होत नव्हता.

तेव्हा बानूबाईनं सभेबाहेरची वाट धरली. एकेका मेंबराच्या घरी ती भर दुपारी, मेंबर नसताना गेली. आबाजींची बायको सिंधुबाई हिनं तिला चुलीपाशी बसवून घेतलं, सगळं ऐकलं.

"माझं माहेर नरसिंहपूरचं," सिंधुबाई म्हणाली. "भीमा एकीकडं, नीरा एकीकडं. पाण्यासाठी रांग लावतात, हे मला लग्नानंतर कळलं. ह्यांना जेवताना सांगते मी."

बाकीच्या घरांतही त्या आठवड्यात ताटावर तोच विषय निघाला असावा. कारण तिसऱ्या सभेला आबाजींनीच विहिरीचा ठराव मांडला आणि एकही हात खाली राहिला नाही.

सभा उठल्यावर आबाजी हसत म्हणाले, "बाई, तुम्ही सभेपेक्षा स्वयंपाकघरात जास्त बोलता."

"सभेत दोनदा बोलले, आबा. तितं कुणी ऐकलं न्हाय."

आबाजींचं हसू मावळलं. "खरं आहे," ते म्हणाले. "इथून पुढं तुमचा विषय आधी घेऊ."

खोदाई सुरू झाली आणि वीस हातांवर काळा पाषाण लागला. पाणी लागणार नाही म्हणून लोक माघारी फिरू लागले. बानूबाई रोज काठावर येऊन बसायची. एके दिवशी महिपती पहार घेऊन आला आणि खाली उतरला. मग वस्तीवरचे बाकीचेही उतरले. पौषात खडकाच्या कपारीतून झरा फुटला. वर खेचलेल्या पहिल्या बादलीतलं पाणी गढूळ होतं, तरी बायांनी ते ओंजळीनं पिऊन पाहिलं. गोड होतं.

पुढच्या निवडणुकीला सांगवीची फुलाबाई, भाजीपाला पिकवणारी, बैलगाडी जुंपून तिच्या दारात आली. "अक्का, मला बी उभं ऱ्हायचंय. पर सभेत बोलायचं भ्या वाटतंय."

"मला अजून वाटतंय," बानूबाई म्हणाली. "चल, आधी तुझ्या गावात हिंडू."

ती त्याच गाडीत बसली. त्या साली बोर्डावर दोघी निवडून गेल्या.