बर्फातलं सिरम आणि उपाशी पेशी

परळच्या आमच्या लॅबमध्ये यीस्ट फुगायचं नाही, किस्से मात्र फुगायचे! एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागून चार येतात.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे. काम काय, तर पाव फुगवायचं यीस्ट उकळून, धुऊन त्याची नुसती सालं ठेवायची आणि ती माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना खायला घालायची. सालं गिळली की पेशी चवताळतात, रोगाशी लढायला उठतात. आमच्या डॉक्टरीणबाईंची एकच ताकीद, "यीस्टला ताजं सिरम लागल्याशिवाय पेशी तोंड लावणार नाहीत. आणि सिरम तापलं की बाद!" सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळं पाणी. ते आम्ही बर्फात जपायचो.

"मेलेल्या यीस्टाक ह्यो पेशी कित्याक चवताळतत?" आमचे शिपाई, मालवणचे सावंततात्या विचारायचे.

"चोराची नुसती टोपी दिसली तरी चाळ जागी होते ना, तात्या?" बाई म्हणाल्या. तात्यांना ते पटलं.

*

रक्त मात्र आमचंच हं! माझ्या जोडीचा कांबळे एकदा रक्त देऊन, हाताला पट्टी बांधून वरळीला बीडीडी चाळीत गेला. नेमका त्याच दिवशी मोर्चावर लाठीमार झालेला. चाळीने हार घातला, चहा पाजला, भाषणही करायला लावलं!

"अरे, खरं सांगायचंस ना!"

"तीन चहा झाल्यावर कसं सांगू?"

*

यीस्ट भायखळ्याच्या बेकरीतून यायचं. बेकरीवाला एकदा मला म्हणाला, "इतना खमीर? पाव कितना बनाते हो?"

"एक भी नहीं. पेशींना खिलाते हैं."

"खाते हैं?"

"नाही ना!"

"मस्का लगाके दो!"

*

हसू आलं, पण गोष्ट खरीच होती. दोन महिने पेशी उपाशी! लॅबच्या मोठ्या साहेबांनी बजावलं, "सोमवारी मी स्वतः बघणार. नाहीतर हे काम बंद." काम बंद म्हणजे मी घरी, कारण मी टेंपररी. आणि गिरगावातल्या आमच्या खोलीत कमावणारी मी एकटीच. देवाला नारळसुद्धा बोलून झाला.

सोमवारी तात्या मोर्चाला गेले. शेजारच्या खोलीतून सिरम रोज तात्याच आणून द्यायचे, त्या दिवशी मीच आणलं. साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ओरडले, "अहो, खातायत की! एकेकीच्या पोटात चार-चार!"

मी तिथेच चक्क रडले. कांबळेने पाणी दिलं. सुटले गं बाई!

*

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी तात्यांकडे गेले. पेढा हातातच धरून त्यांनी विचारलं, "बाये, काल सिरम कोणी गरम केल्यान?"

"गरम?"

"होय तर! बर्फातला गार कसा देवचा? मी रोज अर्धो तास गरम पाण्यात धरून मगच आणतंय. नातवाक दूध देतंय तसा."

बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी डोक्याला हात लावला. कांबळे भिंतीकडे तोंड करून हसत होता.

"तात्या," मी म्हटलं, "काल गारच दिलं. सगळ्या पेशींनी खाल्लं."

तात्यांचा चेहरा पडला. पेढा माझ्या हातात परत देत म्हणाले, "गार खाल्ल्यानी? मगे आता खोकलो येतलो तेंका!"